बासष्ट काठ आणि एक शून्य

मंगळवार, ९ जुलै २०१९. सकाळी साडेदहा. ठिकाण: मोहाडी, विणकर सोसायटीची मागची खोली.

हजर: गणपतकाका सोनकुसरे, वय चौऱ्याहत्तर, विणकर. त्यांची सून मंदा, सोसायटीच्या कॉम्प्युटरवर काम करणारी. नितेश बावणकर, आमच्या ऑफिसचा प्रोग्रामर. मी, कल्पना ठवकर, त्याच ऑफिसात याद्या ठेवणारी.

गैरहजर: सोसायटीचे मॅनेजर, भंडाऱ्याला मीटिंगला गेले होते. आणि लाईट. ती अकरा वाजता आली.

वरची नोंद माझ्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. कामाच्या प्रत्येक भेटीची मी अशीच नोंद करते. आधी तारीख, मग कोण होतं, मग काय बिघडलं, मग काय केलं. त्या दिवशी 'काय बिघडलं' हा रकाना मी दोन दिवस कोरा ठेवला. बिघडलं काय ते मला अर्ध्या तासात कळलं होतं, पण ते माझ्याच अक्षरात लिहायला हात होत नव्हता.

आमचं ऑफिस भंडाऱ्यात एका औषधाच्या दुकानावर आहे. गोंदिया वेगळा झाल्यावर जे सात तालुके आमच्या वाट्याला राहिले, त्यांतच आमची सगळी गिऱ्हाइकं: काही राईस मिल, काही शाळा, दोन पतसंस्था आणि मोहाडीची ही विणकर सोसायटी. त्याआधी मी बारा वर्षं करडीच्या शाळेत गणित शिकवलं. नितेश माझ्याच हाताखालून सातवी पास झालेला. पुढे तो नागपूरहून शिकून आला, ऑफिस काढलं आणि मला म्हणाला, "मॅडम, कोड मी लिहितो. पण हिशेबात राहणं मले जमत नाई. तुम्ही या." मी गेले. तेव्हापासून तो लिहितो आणि मी यादी ठेवते.

यादी कसली, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. कोणताही प्रोग्राम कोणी पूर्णपणे स्वतः लिहीत नाही. चित्र पडद्यावर दाखवायचं, कागदावर छापायचं, फाइल उघडून वाचायची, ही कामं जगात कोणीतरी आधीच करून ठेवलेली असतात. अशा तयार तुकड्याला पॅकेज म्हणतात. ते आणायचं आणि आपल्या प्रोग्रामला जोडायचं. आमच्या विणकामाच्या प्रोग्रामला अशी चौदा पॅकेजेस लागत, आणि त्या चौदांना त्यांची त्यांची आणखी. सगळी मिळून एक्केचाळीस. ती बनवणारी माणसं कोणत्या देशात बसली आहेत हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. ती आपल्या सवडीने सुधारणा करत राहतात आणि दर सुधारणेला पॅकेजचा नंबर बदलतात. काही सुधारणांनी आपलं काम सोपं होतं, काहींनी ते ठप्प होतं. म्हणून कोणतं पॅकेज लागतं, कोणत्या नंबरचं, आणि ते इतरांशी पटवून घेतं की नाही, हे कोणीतरी लिहून ठेवावं लागतं. ती मी.

गिऱ्हाइकांना हे पटत नसे. तुमसरचे एक मिलमालक होते. त्यांच्या प्रोग्रामचा खालच्या कोपऱ्यातला नंबर ते रोज बघायचे. "माह्या भाच्याच्या मिलमंदी चार नंबर हाये, माह्या एथ तीनच काहून?" असा त्यांचा फोन यायचा. मी म्हणायचे, "भाऊ, तीनवर तुमचा वजनकाटा चालतो. चारवर तो बोलत नाही." ते म्हणायचे, "मंग काटा बदला, पन मले चार पायजे." शेवटी नितेशने त्यांच्या पडद्यावर नुसता आकडा चार करून दिला. ते खूश झाले, काटाही चालत राहिला. माझ्या यादीत मात्र तीनच आहे, आणि पुढे कंसात "मालकांसाठी चार".

ही तपासणी हाताने करणं अशक्य होतं. म्हणून नितेशने तीन मदतनीस फंक्शन्स लिहिली. फंक्शन म्हणजे हाक मारली की ठरलेलं एक काम करून उत्तर देणारा कोडचा तुकडा. मदतनीस अशासाठी की ती गिऱ्हाइकाला कधी दिसत नाहीत, पडद्यामागे राबतात. त्यांची नावं आम्ही आमच्याच बोलण्यातली ठेवली: 'लागते', 'पुरते' आणि 'जमते'. पहिलं विचारतं, हे पॅकेज लागतं, तर ते या मशीनवर आहे का? दुसरं विचारतं, आहे त्याचा नंबर पुरतो का? तिसरं विचारतं, बाकीच्यांशी त्याचं जमतं का? तिघांनी होकार दिला की प्रोग्राम उघडायचा. मला या तिघांचा फार अभिमान होता. आजही आहे. पण तिघं जे काही विचारत, त्याचं उत्तर माझ्या यादीत बघत.

गावोगावी नेट भरवशाचं नव्हतं. त्यामुळे यादीबरहुकूम सगळी पॅकेजेस मी एका पेन ड्राइव्हमध्ये भरून न्यायची. त्याला लाल दोरा बांधला होता आणि नाव होतं शिदोरी. शिदोरी घेऊन निघायचा दिवस मंगळवार. मंगळवारी काही मोडलं तर दुरुस्तीला शनिवारपर्यंत दिवस हाताशी राहतात, एवढंच त्यामागचं कारण.

आता गणपतकाका. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीच्या काठांत त्यांचा हात धरणारं मोहाडीत कोणी नव्हतं. काठ आधी चौकटीच्या कागदावर मांडायचा असतो. एक चौकट म्हणजे एक धागा. काळी चौकट असेल तिथे धागा वर उचलायचा, पांढरी असेल तिथे खाली ठेवायचा. त्या कागदावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते पुठ्ठे मागावर चढवायचे. पुठ्ठे झिजले की टाकून द्यायचे आणि कागदावरून नवे पाडायचे. काकांकडे असे बासष्ट काठ होते. काही त्यांच्या वडिलांचे, बाकीचे त्यांचे स्वतःचे. २०१६ च्या सुमारास त्यांना काचबिंदूने गाठलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती किती टिकेल तेही सांगता येत नाही. सोसायटीने आम्हाला प्रोग्राम करायला सांगितला तो त्यासाठीच. काकांची नजर आहे तोवर बासष्ट काठ कॉम्प्युटरमध्ये उतरवायचे आणि पुठ्ठ्यांची भोकं तिथूनच छापून काढायची.

दोन वर्षं काका मंदाच्या शेजारी बसून सांगत गेले आणि मंदा एकेक चौकट भरत गेली. चौकटी हजारोंनी. शेवटचा काठ भरून झाला त्या दिवशी मी तिथेच होते. काकांनी कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे धरला. "याचं काय करू, बाई?"

मी म्हणाले, "आता कागदाची गरज नाही, काका. सगळं आत आहे."

हे वाक्य मी वहीत लिहिलेलं नाही. ते लिहायची गरज पडली नाही.

२०१९ च्या जूनमध्ये सोसायटीने नवा कॉम्प्युटर घेतला. मंगळवारी आम्ही शिदोरी घेऊन गेलो आणि सगळं चढवलं. 'लागते' म्हणालं हो, 'पुरते' म्हणालं हो, 'जमते' म्हणालं हो. मंदाने बासष्टच्या बासष्ट फाइली एकदा उघडून पाहिल्या. उघडल्या म्हणून त्यांची ताजी प्रत घेतली आणि आधीची प्रत पुसली. दोन प्रती ठेवल्या की गोंधळ होतो, हा माझा नियम. जुनं मशीन कोरं करून शाळेला दिलं. माझ्या यादीत या पाच कामांच्या पाच ओळी, पाचहींपुढे टिकमार्क.

तीन आठवड्यांनी सोमवारी मंदाचा फोन आला. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. "मॅडम, मी ओळ वाचून दाखवली तं मामाजी म्हनतात काठ अर्धा हाये. मले तं पुरा दिसून राहिला. तुम्ही या एकदा."

म्हणून ती मंगळवारची भेट.

अकरा वाजता लाईट आल्यावर मंदाने फाइल उघडली आणि पडद्यावरची ओळ वाचायला घेतली. काका भिंतीला टेकून बसले होते. एव्हाना त्यांना समोरचं माणूस सावलीसारखं दिसे, पडदा नुसता उजेड म्हणून.

"आठ काळे, चार पांढरे, दोन काळे, चार पांढरे..." मंदा वाचत होती. काकांची बोटं मांडीवर ठेका धरून चालली होती. "...चार पांढरे, आठ काळे."

मंदा थांबली. काकांची बोटं थांबली नाहीत.

"थांबली काहून? वाच ना."

"संपली ओळ, मामाजी."

"कायची संपली? आता तं कमळ उघडून राहिलं. अर्ध्यातून कोनी कमळ सोडते का?"

"पुढं काहीच नाई जी."

"तं पान पलटव."

"याले पान नसते, मामाजी."

नितेशने खुर्ची ओढली, फाइल आतून उघडली आणि चौकटी मोजल्या. एका ओळीत एकशे वीस. काकांचा तो काठ दोनशे चाळीसचा होता. त्याने दुसरा रुंद काठ उघडला. एकशे वीस. तिसरा. एकशे वीस. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "मॅडम, शिदोरीत 'जाळी' कोणत्या नंबरची आहे?"

'जाळी' हे फाइल वाचणाऱ्या पॅकेजचं आम्ही ठेवलेलं नाव. मी वही काढली. "एक पूर्णांक एक."

"एक पॉइंट दहा पायजे होती."

"तेच ना. १.१० म्हणजे १.१. शेवटचं शून्य मी..."

आणि मी तिथेच थांबले.

पॅकेजचा नंबर हा दशांश अपूर्णांक नसतो. तो पत्त्यासारखा असतो: पहिल्या गल्लीतलं पहिलं घर, पहिल्या गल्लीतलं दहावं घर. १.१ नंतर १.२, १.३ असं करत १.९ नंतर १.१० येतो. 'जाळी' १.१ ला एकशे वीस चौकटींचाच काठ ठाऊक होता. दोनशे चाळीस ती १.१० मध्ये शिकली. मी नव्या मशीनसाठी यादी साफ करताना ते 'निरर्थक' शून्य पेनाने खोडलं होतं. मग यादी कॉम्प्युटरवर चढवली. शिदोरीत १.१ भरली. 'पुरते' ने मशीनवरची १.१ माझ्या यादीतल्या १.१ शी ताडून पाहिली आणि पुरते म्हणून सांगितलं. त्याने त्याचं काम चोख केलं. नव्या मशीनवर रुंद फाइल उघडली की 'जाळी' तिचा अर्धा भाग टाकून देई. आणि उघडलेली फाइल लगेच आपोआप साठवायची सोयही प्रोग्राममध्ये होती. ती मीच मागून घेतली होती, कोणी साठवायला विसरू नये म्हणून.

"तुझ्या लक्षात कसं आलं नाही?" मी नितेशला विचारलं. खरं तर मला विचारायचा अधिकार नव्हता.

"आलं होतं," तो म्हणाला. "यादीत १.१ पाहिलं तवा वाटलं का काहीतरी चुकलं. पण मॅडम, सातवीत तुम्हीच माहा अर्धा मार्क कापला होता. दशांशाच्या शेवटचं शून्य लिहिलं म्हणून. म्हटलं, मॅडमले माहीत असन."

मी बारा वर्षांत पोरांचे किती अर्धे मार्क कापले असतील देव जाणे. हा एक मला महागात पडला.

काकांना सांगायचं काम माझं होतं. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं: शून्य, शिदोरी, पुसलेली प्रत, शाळेला दिलेलं मशीन. बासष्टपैकी त्रेचाळीस अरुंद काठ शाबूत आहेत आणि एकोणीस रुंद काठ अर्धे झाले आहेत, हेही. त्यांचे चांगले काठ सगळे रुंद होते.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बहात्तरच्या फनीचा काठ साठच्या फनीत घातला तं बसन का? धागा तोच, काठ तोच, फनी खोटी. तुमची फनी चुकली, बाई."

इतकी वर्षं मी मिलमालकांना आणि हेडमास्तरांना जे समजावू शकले नव्हते, ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं होतं. फणी म्हणजे मागाची कंगव्यासारखी पट्टी. तिच्या दात्यांच्या गणतीवर सगळी वीण बसते.

"हो काका. माझी चुकली."

"एक शून्य खोडलं तं अर्धे काठ गेले. दोन खोडले असते तं मीच गेलो असतो." नितेश हसला. मला हसू आलं नाही. मग काकांनी मंदाकडे मान वळवली. "आन कागद?"

मंदा हळू आवाजात म्हणाली, "कागद तं तुम्हीच धाग्याच्या कांड्याइले गुंडाळून टाकले, मामाजी. मागच्या उन्हाळ्यात."

"हो. बाईनं सांगतलं होतं, आता कागदाचं काम नाई."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी फक्त काय झालं ते क्रमाने सांगितलं, जसं मी वहीत लिहिते.

परतीच्या एसटीत मी यादी वाचत बसले. हे मी वाईट वेळी करते, कोणी जप करावा तसं. सातव्या पानावर एक ओळ होती: "आंबागड, कोसा केंद्र. सगळं जुनं. बदलणे." पुढे टिकमार्क नाही. शेजारी चार तारखा, चारही खोडलेल्या.

आंबागडला किल्ल्याच्या पायथ्याशी सोसायटीचं कोसा केंद्र होतं. जंगलातून आलेले कोसे तिथे गोळा होत. तिथल्या मशीनवर पहिल्या वर्षी आम्ही हाच प्रोग्राम बसवला होता आणि तोवर भरलेले काठही घातले होते, कोसे आणणाऱ्या बायांना त्याचं पुढे काय होतं ते दाखवता यावं म्हणून. केंद्र सांभाळणाऱ्या शेवंताबाई अपडेट करू देत नसत. नितेश गेला की म्हणत, "चालून राहिला ना? मंग कायले हात लावता जी?" आम्ही चारदा रिकाम्या हाताने परतलो होतो. एकदा तर मी चिडून बोललेही होते.

दुसऱ्या दिवशी बुधवार. शिदोरीचा वार नसताना आम्ही पहिल्यांदाच निघालो. केंद्राला कुलूप. जुलै महिना, सगळं गाव रोवणीला. शेवंताबाई तळ्याखालच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, गुडघाभर चिखलात धानाची रोपं लावत होत्या. मी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, ओरडले, "शेवंताबाई, चाबी पाहिजे!"

"अपडेट करता का?"

"नाही हो! मुळीच नाही!"

"पहिले कबूल करा."

"कबूल! नुसतं बघायचं आहे."

"मंग या इकडं. चाबी कमरेले खोसली हाये, आन माहे हात हे असे." त्यांनी कोपरापर्यंत चिखलाने माखलेले हात वर केले. रोवणीच्या सगळ्या बाया कंबर सरळ करून बघू लागल्या. मी चपला धुऱ्यावर काढल्या, साडी वर खोचली आणि बांधीत उतरले. एक म्हणाली, "मास्तरीनबाई, आल्याच हा तं दोन ओळी लावून जा." चाबी काढताना मी घसरले, शेवंताबाईंनी त्याच हातांनी मला सावरलं, आणि माझ्या पाठीवर उमटलेले त्यांचे दोन पंजे घेऊन मी केंद्रात गेले.

मशीनवर स्वच्छ टॉवेल होता. पडद्याच्या कोपऱ्यावर दसऱ्याचं वाळलेलं कुंकू. सुरू व्हायला सात मिनिटं लागली. नितेश आतला नंबर शोधत होता. मग त्याने पडदा माझ्याकडे वळवला. जाळी १.१०. शून्यासकट.

आम्ही आधी फाइल उघडली नाही. आधी प्रत घेतली. मग दुसरी प्रत घेतली. मग माझ्या पर्समधल्या पेन ड्राइव्हवर तिसरी. त्यानंतर एक काठ उघडला. दोनशे चाळीस चौकटी. कमळ पूर्ण उघडलं होतं.

नितेशने फोनवरून काकांना ओळ वाचून दाखवली. पलीकडून बराच वेळ नुसता ठेका ऐकू येत होता, कशावर तरी बोटं आपटल्याचा. मग काका म्हणाले, "हा. हाच."

शेवंताबाई दाराशी येऊन उभ्या होत्या. "सापडलं का?"

"सापडलं. तुम्ही हात लावू दिला असता तर सापडलं नसतं."

"मी म्हनलंच होतं," त्या म्हणाल्या. आणि पुढे, "मागच्या येळी तुम्ही मले अडानी म्हनलं होतं."

म्हणाले होते. मी तिथेच माफी मागितली. त्यांनी ती लगेच दिली नाही. आधी चहा ठेवला.

एकोणीसपैकी चौदा काठ आंबागडला मिळाले. त्या मशीनवर फाइली घातल्यानंतर मोहाडीत जे पाच रुंद काठ भरले गेले, ते तिथे नव्हते. त्यांपैकी चारांच्या साड्या सोसायटीच्या कपाटात नमुना म्हणून ठेवलेल्या होत्या. मंदा आणि मी भिंग घेऊन बसलो. ती धागे मोजायची, मी लिहायचे. मग मी मोजायचे आणि ती लिहायची. दोघींचं जुळलं तरच ओळ पक्की. सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांत मंदाशी माझी खरी ओळख झाली. धागे मोजता मोजता तिने मला सांगितलं की मुलीचं लग्न झालं की काकांच्या मागावर तिला स्वतः बसायचं आहे, पण घरात हे अजून कोणाला माहीत नाही.

त्याच दरम्यान नितेशने मदतनीस दुरुस्त केले. 'पुरते' आता टिंबाच्या अलीकडचा आणि पलीकडचा आकडा वेगवेगळा वाचतं. यादीतले नंबर आकडे म्हणून न साठवता अक्षरांसारखे साठवले जातात, म्हणजे त्यांच्यातलं शून्य मलाही खोडता येत नाही. आणि एक चौथं मदतनीस आलं. कोणतीही जुनी फाइल साठवण्याआधी ते थांबून विचारतं. त्याचं नाव 'हात_लावू_का'. हे नाव कोणाचं, ते आंबागडला जाऊन सांगितलं तेव्हा शेवंताबाईंनी विचारलं, "मंग ते ऐकते का?" नितेश म्हणाला, "तुमच्याइतकं नाई."

पुण्याच्या एका मोठ्या कंपनीतल्या बाईंनी पुढे कधीतरी आमचा कोड तपासला. फंक्शनांची नावं जरा गंभीर ठेवता येतील का, असं त्यांनी नम्रपणे लिहून विचारलं. आम्ही तितक्याच नम्रपणे नाही म्हणून कळवलं.

राहिला एक काठ. सिंगाडा काठ.

आमच्याकडे तळ्यात सिंगाड्याचे वेल असतात. पाण्यावर पानांची चकती आणि खाली दोन शिंगांचं फळ. काकांनी नजर उतरणीला लागल्यावर मांडलेला हा शेवटचा काठ. त्याच्या तीनच साड्या झाल्या आणि तिन्ही विकल्या गेल्या. एक चिखल्याच्या मॅंगनीज खाणीच्या कॉलनीतल्या एका बाईंनी घेतली होती, एवढं मॅनेजरना आठवत होतं. नितेश आणि मी मोटरसायकलवर चिखल्याला गेलो. बाईंनी पेटी उघडली आणि अकरा साड्या पलंगावर मांडल्या. प्रत्येकीची हकीकत सांगितली. प्रत्येक हकीकतीगणिक चहा नको म्हणायला लागलं. सिंगाडा काठ त्यांत नव्हता.

"ते तं माह्या भाचीले देली, लग्नात," त्या शेवटी म्हणाल्या.

"तिचा नंबर द्याल?"

"देतो, पन माहं नाव सांगू नोका. आमचं बोलनं नाई."

भाचीला फोन लावला. ती फटकन म्हणाली, "मावशीची साडी ना? भांडेवालीले देली. स्टीलचा डबा घेतला." आणि फोन ठेवला. बाईंनी आम्हाला विचारलं, "काय म्हनली?" नितेश म्हणाला, "तुमची आठवण काढत होती." माझ्या वहीतली ही एकमेव नोंद जी मी मुद्दाम अपुरी ठेवली आहे.

उरली काकांची आठवण. तेव्हापासून ठरलं की महिन्यातल्या एका मंगळवारी काकांनी सांगायचं, मंदाने भरायचं, आणि मी शेजारी बसून तपासायचं. अर्धा काठ फाइलीत आहेच, दुसरा अर्धा आठवायचा. मला वाटलं, चार-पाच बैठकांचं काम आहे.

दुसऱ्याच बैठकीत मंदाने मला कोपराने ढोसलं. काका सांगत होते, "...मंग आठ काळे."

"मामाजी, मागच्या येळी सहा सांगतले होते."

"सहाच होते."

"मंग आता आठ काहून?"

"आठ बरे लागतात."

मी माझा शिक्षकी आवाज काढला. "काका, आपल्याला पहिला जसा होता तसा हवा आहे. चांगला नको."

"पहिला कोनता?" काका म्हणाले. "त्याचं शिंग पानाले टेकत होतं. तवा थोडे डोळे होते, तरी दिसलं नाई मले. आता दिसून राहिलं."

जे माझ्या हातून गेलं ते परत मिळायचं नाही, हे त्यांनी माझ्याआधी मान्य केलं होतं. मी मात्र अजूनही पहिल्या सहांची वाट बघत होते. त्या दिवशी मी दोन्ही आकडे लिहून घेतले.

त्याला आता काही वर्षं झाली. मंदाच्या मुलीचं लग्न झालं. मंदा मागावर बसते आणि काका शेजारी बसून फणीचा आवाज ऐकून सांगतात, कुठे धागा सुटला ते. एकसष्ट काठांच्या तीन तीन प्रती तीन गावांत ठेवल्या आहेत, त्यांतली एक आंबागडला, टॉवेलखाली. काका ऐंशीच्या घरात आहेत. नजर पूर्ण गेली. सिंगाडा काठाच्या सात वेगवेगळ्या आवृत्त्या माझ्याकडे तारखांसह आहेत. एकही पुसलेली नाही. प्रत्येक वेळी काका म्हणतात की हा पक्का, आणि काही महिन्यांनी एखादं शिंग सरळ करतात किंवा पान थोडं लांब सरकवतात. मागच्या बैठकीत मंदाने मध्येच हात थांबवून सांगितलं, "मामाजी, एथ सहाच ठेवा. आठानं वीण दाटते." काका रागावले. मग म्हणाले, "लावून पाह्य."

चाळीस ओळींपर्यंत दोघांचं एकमत आहे. पुढच्या मंगळवारी एक्केचाळिसावीपासून वाचायचं. त्या ओळीत सहा घ्यायचे की आठ, हे ठरायचं आहे.